पितरांच्या पंगतीतून उचललेलं पान

आमच्या नात्यात दोन माणसं अशी आहेत, ज्यांचं मरण कुणी पाहिलं नाही. एक माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते लाखांदूरच्या बाजाराला जातो म्हणून एसटीत बसले आणि परत आले नाहीत. दुसरा माझ्या विहीणबाईंचा भाऊ. तो ब्राझीलचा. त्याला त्याच्याच देशाच्या सैन्याने घरापासून हाकेच्या अंतरावर उचललं, आणि त्या वेळी त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता सैन्याचाच एक जनरल. या दोघांची कुठे गाठ पडावी असं काही कारण नव्हतं. ती पडली सानगडीजवळच्या आमच्या गावात, आमच्या पडवीत.

मी हायस्कुलात भूगोल शिकवला, निवृत्त होईपर्यंत. ब्राझील म्हणजे कॉफी, रबर, ॲमेझॉनचं खोरं. इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचाही तास मी घ्यायची आणि मग ब्राझीलच्या वाट्याला एक वाक्य जास्तीचं येई: तिथे बरीच वर्षं लष्करी राजवट होती. मुलं ते वहीत उतरवून घेत, मी फळा पुसून अर्जेंटिनाकडे वळे. त्या एका वाक्यात माणसं राहतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

माझा मुलगा नोकरीसाठी तिकडे गेला आणि तिथलीच मुलगी करून आला. लग्न आधी तिकडे लागलं, मग इकडे हळद लागली. सून गुणाची. ती मराठी शिकली आमच्या मोठ्याबाईंकडून. मोठ्याबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, त्या हरवलेल्या भासऱ्यांची बायको. त्यामुळे साओ पावलोची ही गोरी पोरगी आमच्या भागातली अस्सल झाडीची बोली बोलते, 'मले' आणि 'तुले' आणि 'काहून', आणि माझं जन्मभराचं शुद्ध मराठी घरात कुणी विचारत नाही.

सुनेला सातवा लागला तेव्हा तिची आई आली. बाळंतपण इथेच करायचं असं सुनेनेच ठरवलं होतं. पोरगा तर घरूनच काम करत होता, दवाखाना साकोलीला, आणि मोठ्याबाईंवर तिचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास. मी मुलाकडची, तेव्हा रुसण्याफुगण्याचा मान माझा. मी तयारीत होते. पण भांडायला भाषा लागते, आणि विहीणबाईंना पोर्तुगीजखेरीज दुसरी येत नव्हती. साठी ओलांडलेली, शिडशिडीत, सारखे हात पुसणारी बाई. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

पहिल्याच दिवशी मात्र गडबड झाली. त्यांचं अंथरूण आम्ही माजघरात घातलं होतं. तिथे भिंतीतल्या देवळीत भासऱ्यांचा ट्रान्झिस्टर असतो, चामड्याच्या कव्हरातला. त्यातले सेल कधीचे संपलेत, पण मोठ्याबाई रोज सकाळी तो पदराने पुसतात. त्या दिवशी त्यांनी तो पुसला आणि कव्हराचं बटण लागतंय का हे बघायला चेहऱ्याजवळ नेला. विहीणबाई दारात होत्या. त्या तिथेच थांबल्या, चेहरा पांढराफटक. मग सुनेला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या.

"आई म्हनते, तो रेडिओ इथून काढता येईल काय?" सूनबाई खाली मान घालून म्हणाली.

"काहून?" मोठ्याबाईंचा आवाज चढला. "माहा माणूस चोर होता काय? त्याची वस्तू घरात नोको?"

मी म्हटलं, पाहुण्या आहेत, चार दिवस तुमच्या खोलीत ठेवा. मोठ्याबाईंनी ट्रान्झिस्टर उचलला, आपल्या उशाशी नेऊन ठेवला आणि विहीणबाईंशी अबोला धरला. तसंही त्या काय बोलणार होत्या, पण न बोलणं कळतंच.

दुसरीही एक गोष्ट माझ्या मनात डाचत होती. गणपती होते. आरतीला सगळं घर टाळ्या वाजवत होतं, आणि विहीणबाई हात पाठीमागे बांधून उभ्या. सूनही कौतुकाने टाळ्या वाजवते, मग हिलाच काय झालं? मला वाटलं, धर्म आड आला. मनात म्हटलं, देवाला टाळी वाजवल्याने काही कुणी बाटत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात हे होतं, आणि ते मी बोलले नाही एवढंच बरं झालं.

गणपती गेले, पितरांचा पंधरवडा लागला. आमच्या घरची रीत अशी की, सर्वपित्री अमावास्येला घरातल्या गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक पान वाढायचं, ओळीने, पंगत बसावी तसं. घरातली माणसं हात जोडून बाजूला थांबतात, मग ती पानं गाईला आणि कावळ्यांना. पत्रावळी विकतच्या चालत नाहीत. बांधावरच्या पळसाची पानं आणायची आणि घरी लावायची. मोठ्याबाई पडवीत पानांचा ढीग घेऊन बसल्या. एक पान, त्यावर अर्धं चढवून दुसरं, मध्ये बांबूची बारीक काडी टोचायची, मोडायची, पुढे जायचं. विहीणबाई थोडा वेळ दुरून बघत राहिल्या, मग येऊन समोर बसल्या आणि पान उचललं. पहिली पत्रावळ इतकी वेडीवाकडी झाली की मोठ्याबाईंना हसू फुटलं. अबोला तिथे संपला.

त्या पानांच्या कामातच, दुपारच्या वेळी, रेडिओचं निघालं. मोठ्याबाईंनीच विचारलं. सून पाटावर पाय लांब करून बसली होती. आई थोडं थोडं बोलायची, मग सून आमच्यासाठी सांगायची. मी शेवटी पाणी भरायचं टाकून तिथेच बसले.

विहीणबाई तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होती. वर्गात फळ्याच्या वर राष्ट्राध्यक्षाचा फोटो असायचा. सैन्यातला जनरल, पण अंगात साधा कोट, चेहरा कुणाच्याही आजोबांसारखा. त्याला लोकांनी निवडलेलं नव्हतं, सैन्याच्या वरच्या माणसांनीच खुर्चीवर बसवलेलं. फुटबॉलचं त्याला वेड. स्टेडियमात जाऊन बसायचा आणि समोर सामना चालू असताना छोटासा ट्रान्झिस्टर कानाशी धरून त्याच सामन्याचं वर्णन ऐकायचा. लोकांना त्याचं कौतुक वाटे. तो आला की स्टेडियमभर टाळ्या. देशात नवे रस्ते होत होते, कारखाने निघत होते, विहीणबाईंच्या वडिलांनी तेव्हाच फ्रिज घेतला. आणि त्याच दिवसांत पोरं उचलली जात होती, कोंडून मारली जात होती, आणि त्यातलं अक्षर छापायची कुणाची छाती नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की ज्यांना बुक्के बसत नव्हते त्यांना तो काळ सुखाचा वाटत होता.

"आई म्हनते, आमाले बी वाटत होता," सून म्हणाली.

सत्तर साली ब्राझील फुटबॉलात जगज्जेता झाला. थोरल्या भावाने बहिणीला खांद्यावर घेतलं आणि रस्ताभर नाचवलं. पुढे काही दिवसांनी टीव्हीवर तो जनरल चषक हातात घेतलेला दाखवला. शेजारपाजारचे सगळे जमलेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही. भावाने वाजवल्या नाहीत. त्याने मागून येऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. जोरात नाही. नुसते धरून ठेवले, बातमी संपेपर्यंत.

हे सांगताना विहीणबाईंनी पळसाचं पान खाली ठेवलं आणि आपले हात आपणच धरून दाखवले. आरतीला पाठीमागे बांधलेले तेच हात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी त्याला नेलं. कॉलेजात शिकत होता, मित्रांबरोबर कसलीतरी पत्रकं वाटायचा. पाव आणायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला, तिथे एक गाडी उभी राहिली. बेकरीवाल्याने पाहिलं, नंतर म्हणाला मी काही पाहिलं नाही. त्याची आई या बराकीतून त्या बराकीत फिरली. सगळीकडे एकच उत्तर, असा कुणी इथे नाही. वडिलांनी घरात त्याचं नाव घ्यायची बंदी केली. भिंतीला कान असतात हे आपण म्हणण्यापुरतं म्हणतो, त्यांच्याकडे ते खरंच होते. आईला हाक मारावीशी वाटली की ती मोरी धुवायला घ्यायची आणि नळाच्या आवाजात त्याचं नाव घ्यायची. विहीणबाई म्हणाल्या, आजही कुठे नळ जोरात सुटला की मी कान देते.

जनरलची मुदत संपली, त्याच्या जागी दुसरा जनरल आला. हा घरी गेला, म्हातारा झाला, आजारी पडला, अंथरुणात वारला. त्याची प्रेतयात्रा निघाली, त्याला माती मिळाली. त्याचं मरण सगळ्या देशाने पाहिलं.

फार वर्षांनी तिथलं सरकार बदललं आणि अशा घरांना म्हणू लागलं, तुमचा माणूस गेला असं आम्ही मान्य करतो. आईने मान्य केलं नाही. का, ते सुनेने आपल्या आजीचे शब्द म्हणून सांगितलं, पण आमच्या बोलीत, आणि अजून ते माझ्या कानात तसंच आहे: "नेलं त्यायनं. त मंग कुठी ठेवलं थे त्यायनंच सांगावं. मेला असं मी काहून म्हनू?"

ती आई आता नाही. वडील नाहीत. त्याचा आवाज ऐकलेलं त्या घरात एकच माणूस उरलंय, आमच्या विहीणबाई.

मोठ्याबाईंनी विचारलं, "मंग तेचं काही केलंच नाही?"

केलं म्हणजे क्रियाकर्म. सुनेने मानेनेच नाही म्हटलं. आणि मग, वातावरण हलकं करावं म्हणून असेल, तिने पोटावर हात ठेवून सांगितलं की मुलगा झाला तर त्याला मामाचं नाव ठेवायचं, असं तिच्या आणि आईच्या मनात फार दिवसांपासून आहे.

मोठ्याबाईंची काडी पानात अर्धवट राहिली. "जित्या माणसाचं नाव लेकराले ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "गेलेला असंन त ठेवाव. नाव ठेवलं म्हनजे तो परत आला. पयले ठरवा, हाये का गेला?"

सुनेने ते जसंच्या तसं आईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोर सरळ आहे. विहीणबाईंनी पुढचं पान ओढलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकामागून एक पत्रावळी लावल्या, हव्या होत्या त्याच्या दुप्पट.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून अंगावर काटा येतो. घरात कुणी भांडत नव्हतं, रडत नव्हतं, पण एक माणूस जास्तीचा असल्यासारखं वाटायचं. विहीणबाई जेवता जेवता थांबायच्या. मोरीत नळ सुटला की मान तिकडे वळायची. आमच्या घरचा नळ आठवड्यातून तीन दिवस जोरात येतो. त्या तीन दिवसांत मी नळाच्या तोंडाला फडकं बांधू लागले, आवाज होऊ नये म्हणून. एकदा मीच मोरीत गेले आणि उगाच मागे वळून पाहिलं.

मला हे निस्तरायचं होतं. माझा स्वभाव मास्तरणीचा, धडा संपला की रेघ मारायची. मी सुनेला म्हटलं, तुझ्या आईला सांग, आमच्यात याला सोय आहे. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पुतळा करतात, पळसाच्या पानांचा. दर्भावर देठ मांडून हात-पाय करायचे, डोक्याच्या जागी नारळ, अंगावर त्याचं धोतर. मग त्यालाच अग्नी. आपल्या घरी झालंय, कारध्याला, वैनगंगेच्या काठी. मोठ्याबाईंच्या मालकांचं. बारा वर्षं वाट पाहिली, मग सासूबाईंच्या जिवाला घोर लागला म्हणून केलं. अग्नी आमच्या ह्यांनी दिला. सगळं रीतसर झालं आणि घर मोकळं झालं.

मी हे बोलत होते तेव्हा मोठ्याबाई तिथेच होत्या. विहीणबाईंनी हातातल्या पळसाच्या पानाकडे पाहिलं, मग मोठ्याबाईंकडे, आणि हळूच काहीतरी विचारलं.

"आई विचारते, मोठी आई, तो पानाचा माणूस दिसे कसा?"

"तेच्यासारखाच," मोठ्याबाई म्हणाल्या. "उंची बरोबर काढली होती भटजीनं. फक्त पायात चपला नव्हत्या. हे त चपला घालून गेलते."

इतक्या वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी तिथे नदीवर होते. मला चपला आठवतच नव्हत्या.

"अन् तो परत आला असता त?" आईचा पुढचा प्रश्न सुनेने विचारला.

"त मंग लय भानगड," मोठ्याबाई हसल्या. "पुतळा जाळलेला माणूस परत आला त तेले पुन्हा जन्म घ्या लागते. बारसं करा लागते, नाव ठेवा लागते. अन् बायकोसंग पुन्हा लगन. मले या वयात नवरी व्हा लागंन, बाई!"

सुनेने सांगितलं तेव्हा विहीणबाईही हसल्या. दोघी बराच वेळ हसत होत्या. पण मी मोठ्याबाईंचा चेहरा पाहिला. त्यांनी ते नवरीचं गमतीने म्हटलेलं नव्हतं, तो हिशेब त्यांनी मनात कितीदा तरी करून ठेवला होता. मग मला आठवलं ते रोजचंच. संध्याकाळी लाखांदूरकडून शेवटची एसटी यायची वेळ झाली की मोठ्याबाई तळ्याच्या पाळीकडून चक्कर मारून येते म्हणून निघतात आणि ओढ्यावरच्या रपट्याजवळ, एसटीच्या थांब्यापाशी थांबतात. हवा खायला जातात असं आम्ही म्हणायचो. पुतळा जाळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या हवा खात होत्या.

अमावास्या आली. पहाटेपासून वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. पूजेच्या खोलीत ओळीने पत्रावळी मांडल्या. सासरे, सासूबाई, आजेसासरे, एक दीर लहानपणीच गेला तो, आणि भासरे. मी वाढत होते. मोठ्याबाई मागून आल्या आणि भासऱ्यांच्या शेजारी आणखी एक पत्रावळ ठेवली. पहिल्या दिवशीची, ती वेडीवाकडी.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तिच्या भावाचं. तिकडं तेले कोनी जेवू घालत नाही," त्या म्हणाल्या. "परक्या मुलखात भुका राहीन पोरगा. आपल्यात बसू दे."

माया होती त्यात, नुसती माया. मलाही बरंच वाटलं. म्हटलं, ठरवत नाहीत तर आपणच सोपं करून देऊ, बाईचा जीव सुटेल. मी त्या पानावर वडे वाढले, खीर वाढली. कुणीही विचारलं नाही की ज्यांचा भाऊ आहे त्यांची परवानगी आहे का. आमच्याकडे मायेला परवानगी लागत नाही.

विहीणबाई सुनेबरोबर आत आल्या. त्यांनी ओळीकडे पाहिलं आणि शेवटची पत्रावळ ओळखली. स्वतःच्या हातची होती. सुनेला विचारलं. सुनेने सांगितलं, कोण कोण आहे आणि शेवटचं कोण.

त्या ओरडल्या नाहीत. पुढे गेल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी ते पान पंगतीतून उचललं. खीर काठावरून सांडली. पान हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या, कुठे ठेवावं ते कळेना. जमिनीवर ठेवलं तर पुन्हा पंगत. फेकलं तर अन्न. सगळं घर बघत होतं. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, पान मांडीवर घेतलं आणि खायला लागल्या.

मला धडकीच भरली. पितरांचं वाढलेलं पान जित्या माणसाने खायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते खाणं म्हणजे मरण घरात बोलावणं, आणि घरात दिवस भरत आलेली सून. मी पुढे झाले. माझा मुलगा पुढे झाला. विहीणबाई खाली बघून खात होत्या, वडा, भात, कढी, एकेक घास नीट चावून, घरी आलेल्या माणसाचं ताट कुणी वाया जाऊ देत नाही तसं. काहीतरी बोलल्याही, भरल्या तोंडाने.

"आई म्हनते," सूनबाई म्हणाली, "आई म्हनते, त्याले उशीर झाला हाये. त्याचं पान मी खातो. तो आला का त्याच्यासाठी पुन्हा रांधतो."

मी काय बोलणार होते कोण जाणे. त्याआधी मोठ्याबाई उठल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे धरून उठली, पंगतीपाशी गेली आणि भासऱ्यांचं पान उचललं. मी त्यांचा हात धरला. "मोठ्याबाई, अहो, भाऊजींचं रीतसर झालंय," मी म्हटलं. मी शब्दशः असंच म्हटलं, रीतसर झालंय.

"तुमचं झालं," त्या म्हणाल्या. "मले कोनी इचारलं होतं?"

आणि त्या विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि जेवू लागल्या.

खोलीत नुसता जेवणाचा आवाज. पंगतीत दोन जागा रिकाम्या, दोन दात पडल्यासारख्या. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. त्या पुतळ्याला अग्नी यांनी दिला होता, डोकं यांनी भादरलं होतं, दहा दिवस सुतक यांनी धरलं होतं. इतकी वर्षं थोरल्या भावाचं श्राद्ध हे करत आले होते. वहिनी ते पान खात होती म्हणजे ते सगळं तिने एका घासात पुसलं होतं. मला वाटलं, आता हे उठून बाहेर जातील. हे उठले. कढीचं पातेलं उचललं, वहिनीपाशी गेले, उकिडवे बसले.

"वयनी, कढी घ्या," हे म्हणाले. "तुमचं पान कोरडं झालं."

मग विहीणबाईंनाही वाढली. मी तोंडाला पदर लावला आणि रडले, लाज न बाळगता. माझ्या रेघा, माझे संपलेले धडे, सगळं त्या कढीत बुडालं.

मुलगा झाला, दिवाळी होऊन गेल्यावर, कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जात होते तेव्हा. दोघं सुखरूप. पान खाल्ल्याने कुणाचं काही वाकडं झालं नाही. त्याचं नाव मोठ्याबाईंनी ठेवलं, या मातीतलं, साधं. मामाचं नाव ठेवलं नाही. विहीणबाईच नको म्हणाल्या, ते त्याचं त्याला राहू दे. ते नाव मोकळं आहे, त्याचा धनी यायचा आहे.

जायच्या आदल्या दिवशी विहीणबाई मोठ्याबाईंच्या खोलीत गेल्या आणि उशाजवळचा ट्रान्झिस्टर मागून घेतला. मी दारातून पाहिलं. त्यांनी तो चामड्यासकट गळ्यातल्या ओढणीने पुसला, मोठ्याबाई पदराने पुसतात तसा. मग हळूच कानाशी धरला, डोळे मिटून. त्यात काही वाजत नव्हतं. बराच वेळ तशाच बसल्या. नंतर त्यांनी स्वतःच तो माजघरात नेला आणि देवळीत त्याच्या जागी ठेवला. त्या जनरलकडून तेवढी एक गोष्ट त्यांनी काढून घेतली असं मला वाटतं. आता तो भासऱ्यांचाच आहे.

आता मीही संध्याकाळी मोठ्याबाईंबरोबर जाते. पूर्वी मी म्हणायची, गुडघे दुखतात ना, मग कशाला जाता. आता म्हणत नाही. तळ्यावर थंडी असते, त्या नातवाला शालीत गुंडाळून घेतात, मी काठी घेते. आम्ही रपट्याजवळ उभ्या राहतो. शेवटची एसटी येते. एकदोन माणसं उतरतात, गावचीच.

परवा कंडक्टर नवा होता. आम्हाला उभ्या बघून त्याने दार धरून ठेवलं. "चढता काय, आजी?"

"नाही बा. आमी घ्याले आलो."

"कोन येनार हाये?"

"दोन माणसं," मोठ्याबाई म्हणाल्या. त्या दारापाशी गेल्या, आत रिकाम्या बाकांवर नजर फिरवली आणि मग कंडक्टरला समजावून सांगितलं, "एक त घरचाच हाये, तेले थांबा ठाऊक हाये. दुसऱ्याले आपली बोली येत नाही, बाबू. तरणा पोरगा हाये. बसमध्ये दिसला त हात धरून इथी उतरवून देजो."

कंडक्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो बरं म्हणाला आणि त्याने घंटी मारली.